ताज उलटा बांधला म्हणे! पालवा बंदरावरची एक न मरणारी आत्महत्या

दर्यावर्दी

गेल्या महिन्यात पुतण्याला घेऊन घारापुरीला गेलो होतो. लाँच गेटवेच्या पायऱ्या सोडून जरा आत गेली की सगळे हटकून मागे वळतात, कारण ताज नीट दिसतो तो पाण्यातूनच. मधला मोठा घुमट, कोपऱ्यांवरचे लहान घुमट, सज्ज्यांच्या रांगा, आणि शेजारी एखादा वाढलेला पोरगा बालवाडीच्या बाकावर अवघडून बसावा तसा १९७३ सालचा टॉवर.

लाँचवर एक गाइड होता. उत्तरेकडून आलेल्या एका कुटुंबाला तो रंगवून सांगत होता, "वो ताज देखो साब, उल्टा बना है. नक्शा बनानेवाला विलायत गया था, वापस आया तो देखा आगे का पीछे, पीछे का आगे. उसी की छत से कूद गया." बायकांनी "अरे रे" केलं. मी गालातल्या गालात हसलो, कारण हीच गोष्ट माझ्या वडिलांनी मला त्याच पायऱ्यांवर चणे खाताना सांगितली होती. पुतण्यानं मात्र विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" गाइड म्हणाला, "अंग्रेज था कोई."

घरी आल्यावर हे "अंग्रेज था कोई" डोक्यातून जाईना, म्हणून थोडी शोधाशोध केली. हाती आलं ते असं.

ताजचा मूळ आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी, डी. एन. मिर्झा यांच्या जोडीनं. म्हणजे आपला माणूस! बोरीबंदर स्टेशन आणि महापालिकेची इमारत ज्यानं उभी केली त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली वैद्य तयार झालेले. बांधकाम १८९८ च्या सुमारास सुरू झालं. १९०० मध्ये, काम अर्ध्यावर असताना, वैद्य मलेरियानं गेले. पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं हाती घेतलं आणि तडीला नेलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं, तेव्हा आत जेमतेम १७ पाहुणे होते.

तर गच्चीवरून उडी कुणीच मारली नाही. चेंबर्स इमारत पुरी झाल्यावरही मुंबईत धंदा करत होता, पुढे फ्रिचली नावाच्या भागीदाराबरोबर. आणि जे खरंच गेले ते डास चावून गेले.

प्रश्न असा की लोकांना न मेलेला इंग्रज लक्षात राहिला आणि मेलेला मराठी माणूस कसा काय पुसला गेला? शिवाय इमारत खरंच उलटी आहे का? जाणकारांनी भर घालावी.

---

मी_गिरगावकर

वा! वाचनखूण साठवली. आमच्याकडे ही गोष्ट थोडी वेगळी होती. आमच्या चाळीतले एक काका सांगायचे की आर्किटेक्टनं पिस्तूल झाडून घेतलं. समुद्रात उडी मारली असंही ऐकलंय. मरायची पद्धत प्रत्येकाची आपापली, उलटा नकाशा मात्र सगळ्यांत कायम.

वैद्यांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. आणि मी स्वतःला दक्षिण मुंबईचा समजतो. लाज वाटली.

---

खडू_फळा

भूगोलाची मास्तरीण आहे, त्यामुळे मध्ये तोंड घालते.

"उलटी" का वाटते ते आधी बघू. जुन्या ताजचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे. नालेची पाठ बंदराकडे आणि तिची उघडी बाजू शहराकडे, म्हणजे पश्चिमेला. मूळ दर्शनी दारही शहराच्या बाजूलाच होतं. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे बग्ग्या येऊन थांबत. नंतर कधीतरी सगळी वर्दळ समुद्राच्या अंगाला गेली आणि लोकांना वाटू लागलं की आपण मागच्या दारानं आत शिरतोय.

आता गंमत. मुलांना गेटवेची सहल काढली की मी पहिला प्रश्न विचारते, "इथे सूर्य समुद्रात मावळतो का?" निम्मा वर्ग "हो" म्हणतो! मुंबई म्हणजे समुद्र, समुद्र म्हणजे सूर्यास्त, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पण अपोलो बंदर बेटाच्या पूर्वेला आहे. इथे सूर्य पाण्यातून वर येतो. दुपारचे खारे वारे वाहतात अरबी समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून, शहरावरून. विजेचे पंखे नवलाईचे होते त्या काळात हॉटेल बांधायचं, तर नालेची उघडी बाजू वाऱ्याकडे करणं हा शहाणपणा झाला. रात्री वारा फिरतो, मतलई वारे सुटतात, तेव्हा बंदराकडच्या खोल्यांचं नशीब उघडतं.

शिवाय शहरातून येणारी बग्गी दारात आणायची, तर दार शहराकडेच हवं. पाण्याच्या बाजूला दार ठेवून पाहुणे पोहत येणार होते का?

---

पोलादी

खडू_फळा, +१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावावं असं.

फक्त एक शंका. उघडायच्या दिवशीच ताजमध्ये विजेचे दिवे आणि पंखे होते ना? मग वाऱ्याची एवढी काळजी कशाला?

---

खडू_फळा

होते, पण पंखे सगळ्या खोल्यांत नव्हते. साधी खोली १० रुपये आणि पंखा व खोलीला लागून न्हाणीघर असलेली १३ रुपये, असे सुरुवातीचे दर सांगितले जातात. वरच्या तीन रुपयांत वारा विकत मिळायचा म्हणा! आणि आराखडा झाला तो चार-पाच वर्षं आधी.

विजेवरून आठवलं. मुंबई शहरात विजेवरची ट्रॅम आली १९०७ साली. तोवर घोड्यांची. म्हणजे १९०३ च्या डिसेंबरात घोड्याच्या ट्रॅमच्या गावात ही इमारत स्वतःची वीज तयार करून लखलखत होती. बंदरावर नुसती बघ्यांची गर्दी होत असेल.

---

पोलादी

बरोबर. मग माझ्या प्रांतातली एक दंतकथा मी मोडतो. "ताजच्या घुमटाला आयफेल टॉवरचंच पोलाद वापरलंय" हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी व्हॉट्सॲपवर वाचलं असणार. आयफेल टॉवर पोलादाचा नाहीच. तो घडीव लोखंडाचा आहे, १८८९ चा. पोलाद तेव्हा निघत होतं, पण आयफेलनं खात्रीचा माल निवडला. तेव्हा "तेच पोलाद" म्हणायला मुळात ते पोलादच नाही.

ही अफवा कुठून आली असेल याचा माझा अंदाज सांगतो. जमशेटजी टाटांनी हॉटेलसाठी स्वतः युरोप पालथा घातला होता. जर्मनीतून लिफ्ट, अमेरिकेहून पंखे, तुर्की पद्धतीची न्हाणीघरं. पॅरिसहून लोखंडी खांब मागवले आणि ते बॉलरूममध्ये उभे केले, असंही टाटांच्या गोष्टींत येतं. पॅरिस आणि लोखंड हे दोन शब्द एका वाक्यात आले की आयफेल टॉवर आपोआप हजर होतो. खांबांचा घुमट व्हायला मग कितीसा वेळ.

जिना मात्र खरोखर बघण्यासारखा आहे. मधला तो अधांतरी वाटणारा जिना. तो खानसाहेब सोराबजी रत्तनजी या कंत्राटदाराचा. आत जायचा योग एकदाच आला, एका मीटिंगपायी. लोक कॉफी पीत होते आणि मी जिन्याच्या पोटाखाली उभा राहून वर बघत होतो. शेवटी एक दरवान अदबीनं विचारून गेला, "साहेब, काही हरवलंय का?"

---

बिनपाण्याची_विहीर

मला आर्किटेक्टपेक्षा वॉटसन हॉटेलचा किस्सा जास्त आवडतो. जमशेटजींना "कुत्री आणि नेटिव्हांना प्रवेश नाही" म्हणून दारातून परत पाठवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे प्रतिज्ञा केली की याच्या नाकावर टिच्चून हॉटेल बांधीन. हा तरी खरा ना? की तोही मोडणार तुम्ही?

---

दर्यावर्दी

मोडत नाही, पण थोडा हलवतो.

वॉटसन हॉटेल म्हणजे काळा घोड्याजवळची आजची एस्प्लनेड मॅन्शन. तिचा ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणला आणि इथे जोडला. त्या काळातलं मुंबईतलं सगळ्यात भपकेबाज हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ तिथेच झाला. गोऱ्यांपुरतंच होतं हेही खरं. तेव्हा जमशेटजींना कुणी अडवलं असेल तर नवल नाही.

पण किस्सा सांगणाऱ्यांत एकमत नाही. कुणी वॉटसन म्हणतं, कुणी पाईक्स अपोलो हॉटेल म्हणतं. काही इतिहासकारांचं म्हणणं असं की या माणसाचा स्वभाव अशा अपमानाचा सूड इमारतीनं घेण्याचा नव्हता. टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोवॅट फ्रेझर त्यांचे स्नेही होते, आणि मुंबईला शोभेल असं हॉटेल हवं ही भुणभुण तिकडूनही होती.

मला स्वतःला तिसरं कारण पटतं. साल बघा. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेग फुटला. गाठीच्या तापानं लोक पटापट मरू लागले, ज्यांना शक्य होतं त्यांनी शहर सोडलं, गिरण्यांना माणूस मिळेना. मुंबईचं आता काही खरं नाही असं सगळे म्हणत असताना एक माणूस भराव टाकलेल्या जमिनीवर, स्वतःच्या खिशातून, एवढं अवाढव्य हॉटेल काढतो. हे एका दरवानावरच्या रागापेक्षा मोठं वाटतं. अर्थात लाँचवर सांगायला दरवानच बरा.

---

आजीचा_बटवा

आमच्या शेजारच्या पारशी आजी एक किस्सा सांगायच्या. जमशेटजींच्या बहिणीला हॉटेलचं कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू बंगळूरला विज्ञानाची संस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस, आणि आता भटारखाना काढणार?" भटारखाना म्हणताना आजी नाक असं काही मुरडायच्या की बहीण साक्षात उभी राहायची. हा किस्सा पुढे छापील रूपातही वाचला, म्हणजे आजींचा एकटीचा नव्हता.

वाईट याचं वाटतं की संस्था आणि कारखाना दोन्ही जमशेटजींना बघायला मिळाले नाहीत. १९ मे १९०४ ला जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले. ताज उघडून पाच महिनेच झाले होते. एवढ्या मोठ्या स्वप्नांतला डोळ्यांनी पाहिला तो हा भटारखानाच.

---

डॉक्टर_घरी_नाहीत

धागा मलेरियापाशी आला म्हणून लिहितो, नाहीतर मी वाचक बरा.

वैद्य १९०० मध्ये मलेरियानं गेले आणि त्यांचे गुरू स्टीव्हन्स यांचा मृत्यूही १९०० सालचाच, मुंबईतच, आणि कारणही मलेरियाच सांगतात. बोरीबंदर बांधणारा आणि ताज काढणारा, दोघे एका वर्षात एकाच तापानं.

डास मलेरिया पसरवतो याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत मिळाला तो ऑगस्ट १८९७ मध्ये. म्हणजे वैद्य आजारी पडले तेव्हा कारण कळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. कळलं म्हणून काय झालं? मुंबईत डासांचं माहेर होतं ते घरोघरच्या विहिरी. शहरातल्या मलेरियावर डॉ. बेंटलीनं १९११ च्या सुमारास अहवाल दिला, त्यात विहिरींवरच बोट होतं. मग विहिरी झाका किंवा बुजवा अशी मोहीम निघाली आणि एकच गदारोळ. पारशी, हिंदू, सगळेच म्हणाले की विहिरीत दैवत असतं, झाकायची कशी? चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर आजही पारशी लोकांना पवित्र आहे. काही ठिकाणी तोड निघाली ती अशी की झाकण घाला, पण त्याला जाळी ठेवा, म्हणजे देवाला वाट राहील आणि डासाला राहणार नाही.

भराव, खोदलेले पाये, पावसाळ्यात साचलेलं पाणी, आणि त्याच्या काठावर दिवसभर उभा राहून काम बघणारा माणूस. गच्चीवरून उडी मारायची गरजच नव्हती.

---

मी_गिरगावकर

डॉक्टर, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. देवाला वाट आणि डासाला नाही, व्वा!

---

परदेशस्थ_पोहे

आता माझ्याकडचा बॉम्ब टाकतो. 😀

मी चार वर्षं ग्लासगोत होतो. तिथे केल्विनग्रोव्ह नावाचं लाल दगडाचं देखणं संग्रहालय आहे, १९०१ साली उघडलेलं. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधल्या म्हाताऱ्या टेड्यानं (हे मी ठेवलेलं नाव) मला तिथे नेलं आणि म्हणाला, "ही इमारत उलटी बांधली गेलीय. आर्किटेक्टला कळलं तेव्हा त्यानं त्या मनोऱ्यावरून उडी मारली." मी जागच्या जागी थिजलो. म्हटलं, अरे ही तर आमची गोष्ट!

तिथलाही खुलासा ताजसारखाच आहे. त्या वर्षी संग्रहालयासमोरच्या बागेत मोठं प्रदर्शन भरलं होतं, म्हणून इमारतीचं तोंड बागेकडे ठेवलं. प्रदर्शन संपलं, लोक रस्त्याच्या बाजूनं येऊ लागले, आणि पुढचं मागे झालं. आर्किटेक्ट दोघे होते, सिम्प्सन आणि ॲलन. मनोऱ्यावरून कुणीही पडलं नाही. सिम्प्सननं तर पुढे लंडनचं जुनं वेम्बली स्टेडियम केलं आणि १९३३ पर्यंत जगला.

१९०१ आणि १९०३. तेव्हाच्या मुंबईत स्कॉटिश व्यापारी, इंजिनिअर, बोटीवाले पैशाला पासरी. आता कोणती गोष्ट कुठून कुठे गेली ते सांगता येणार नाही, पण कापसाच्या गाठींबरोबर एखादी गोष्टही बोटीतून आली-गेली असेल तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही.

---

दर्यावर्दी

दंडवत! धागा काढल्याचं सार्थक झालं. म्हणजे आपला "अंग्रेज था कोई" हा स्कॉटिश भूत निघाला.

---

बिनपाण्याची_विहीर

भुताचा विषय निघालाच आहे तर विचारते. ताजच्या जुन्या भागात त्या आर्किटेक्टचं भूत फिरतं असं वाचलंय. जो मेलाच नाही त्याचं भूत कसं फिरतं?

---

मी_गिरगावकर

कागदपत्रं उलटी लागली असतील.

---

खडू_फळा

😂

भूत राहू द्या, पण मुंबईत पाण्याच्या काठी काही मोठं बांधलं की त्याला एक गोष्ट चिकटतेच. वरळीचा बांध आठवा, हॉर्नबी वेलार्ड. अठराव्या शतकात तो घालत होते तेव्हा भिंत उभी राहायची आणि समुद्र ती पाडायचा. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली मी समुद्राच्या तळाशी आहे, मला बाहेर काढ. मूर्ती काढल्या, बांध टिकला, आणि देवीला जागा मिळाली ती आपली महालक्ष्मी.

त्या गोष्टीत इंजिनिअर मराठी आहे, नावानिशी आहे, आणि जिवंत आहे! शंभर-सव्वाशे वर्षांत असं काय झालं की ताजच्या गोष्टीत तो इंग्रज झाला, निनावी झाला आणि मेला?

---

सह्याद्रीचा_पाहुणा

खडू_फळा, मुद्दा झकास. मला रायगडावरची जगदीश्वराची पायरी आठवली. "सेवेचे ठायी तत्पर" आणि पुढे हिरोजीचं नाव. देवळात येणाऱ्या प्रत्येकाची पायधूळ त्या नावाला लागते. बांधणाऱ्यानं स्वतःचं नाव पायरीवर कोरून घेतलं म्हणून साडेतीनशे वर्षं टिकलं. वैद्यांना पायरीच मिळाली नाही.

खरं तर नाव पुसायला कुणी मुद्दाम काही केलं असं नाही वाटत. अर्ध्यावर गेलेल्या माणसाचं श्रेय उद्घाटनाला हजर असणाऱ्याकडे जातं, आपल्याकडे सोसायटीच्या गणपतीतही हेच होतं.

---

पोलादी

श्रेयाबद्दल थोडं चेंबर्सच्याही बाजूनं बोलतो. त्यानं नुसतं उरलेलं काम उरकलं नाही. मधला घुमट आज जसा दिसतो त्यात त्याचा हात मोठा मानतात. घुमट काढून टाका डोळ्यांसमोरून आणि बघा, काय राहतं? चांगली, लांबलचक, सज्ज्यांची इमारत. "ताज" राहत नाही. तेव्हा वैद्य-मिर्झा-चेंबर्स-सोराबजी अशी चौघांची नावं घ्यावीत.

---

सह्याद्रीचा_पाहुणा

मान्य. चौघांची घेऊ. पण सध्या शून्य घेतली जातात.

---

मांडवेकर

आठवड्यातून दोनदा मांडवा-गेटवे करतो, म्हणून इकडच्या पाण्याबद्दल दोन शब्द.

पहिलं म्हणजे नाव. अपोलोचा ग्रीक देवाशी काही संबंध नाही, चंद्रावरच्या यानाशी तर नाहीच नाही. हे पालवा बंदर. पाल म्हणजे एक प्रकारची नाव, त्यावरून पालव, असं एक मत. पाला माशावरून, असं दुसरं. साहेबाच्या जिभेवर पालव्याचं अपोलो झालं. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत पालवाच होतं. अपोलो म्हटलं की ते विचारत, "ते कुठं आलं?"

दुसरं, लोकांना वाटतं गेटवे आधी आणि ताज त्याच्या आडोशाला नंतर. उलट आहे. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा गेटवे नव्हताच. त्याची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ला, मग भराव, मग बांधकाम, आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. म्हणजे एकवीस वर्षं बंदरावर ताज एकटाच उभा होता. बोटीतून येणाऱ्याला मुंबईची पहिली खूण तो घुमट. आजही धुकट सकाळी आमचा तांडेल आधी घुमट शोधतो. गेटवे त्यानंतर डोळ्यात येतो, अगदी जवळ गेल्यावर.

---

आजीचा_बटवा

पहिल्या महायुद्धात ताजचं ६०० खाटांचं इस्पितळ केलं होतं, हे राहिलं. आणि १९३३ चा हार्बर बार, मुंबईतला दारूचा पहिला परवाना त्याचा म्हणतात. एकाच इमारतीत सगळं झालं.

---

माढ्याचा

मी इथं सहसा लिहीत नाही. सगळे दंतकथांवर बोलत आहेत, चांगलं आहे. पण आमच्या भागात ताज म्हटलं की एकच आठवतं. २६ नोव्हेंबर २००८ ला राज्य राखीव पोलिसांतला राहुल शिंदे तिथे आत गेला आणि परत आला नाही. आमच्या माढा तालुक्यातला. टीव्हीवर तीन दिवस जळणारा घुमट बघितला सगळ्या गावानं. तोवर आमच्यातल्या बहुतेकांनी ताज कॅलेंडरवरच पाहिला होता.

बाकी चालू द्या.

---

दर्यावर्दी

माढ्याचा, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. त्या इमारतीत एकतीस जण गेले आणि त्या सगळ्यांची नावं आत स्मारकावर आहेत. जळालेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला उघडला. तेव्हाही मी पायऱ्यांवर होतो. बाहेर उभे असलेले लोक काही बोलत नव्हते, नुसते वर बघत होते.

---

परदेशस्थ_पोहे

दोन दिवस धाग्यावर शांतता आहे. मी काही लिहू का नको असं वाटत होतं.

एक छोटी माहिती देऊन ठेवतो. २०१७ मध्ये या इमारतीच्या बाह्यरूपाला ट्रेडमार्क मिळाला. इमारतीच्या चित्राला असा ट्रेडमार्क मिळण्याची भारतातली ती पहिलीच वेळ. म्हणजे घुमटाचं चित्र आता कपबशीवर छापून विकायचं असेल तर परवानगी लागेल. गोष्ट मात्र अजून कुणाच्याही मालकीची नाही.

---

बिनपाण्याची_विहीर

काल मुद्दाम जाऊन आले. पुढून नव्हे, मागून. शहराच्या बाजूच्या गल्लीतून. मागच्या बाजूनं नालेची दोन टोकं दिसतात, मधल्या अंगणाचा अंदाज येतो, आणि एकदम कळतं की अरे, हे मागचं नाहीये. हे पुढचं होतं. माझ्यामागे एक टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, त्याला इतिहासात रस नव्हता.

---

मांडवेकर

आजची ताजी खबर. हा धागा वाचून मला राहवेना. दर्यावर्दी यांनी लिहिलंय तोच असावा, असा एक गाइड काल लाँचवर भेटला. गोष्ट सुरू झाली: उल्टा नक्शा, विलायत, छत. संपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. चहा पाजला. सगळं सांगितलं: वैद्य, मिर्झा, चेंबर्स, मलेरिया, ग्लासगोसुद्धा. मन लावून ऐकलं बिचाऱ्यानं. वैद्यांचं पूर्ण नाव दोनदा विचारून घेतलं. म्हणाला, "मराठी माणूस होता? हे भारी आहे. हे सांगायलाच पाहिजे."

म्हटलं, चला, एक काम झालं.

आज सकाळच्या फेरीला पुन्हा तोच. मी मागच्या बाकावर, त्यानं मला पाहिलं नाही. पुण्याचा एक ग्रुप होता, म्हणून गडी मराठीत सुरू झाला. "तो ताज बघा. आपल्या सीताराम खंडेराव वैद्य नावाच्या मराठी इंजिनिअरनं नकाशा काढला. इंग्रजांनी मुद्दाम उलटा बांधला. वैद्यसाहेब आले, बघितलं, आणि त्या घुमटावरून..."

सगळा ग्रुप "अरेरे" म्हणाला. दोन बायकांनी हात जोडले.